टॉम साहेबाचं वेगळं टेबल

माळ माझ्या पायाशी येऊन पडली.

झेंडूची माळ होती. फुटबॉलच्या कपाची फायनल जिंकून आम्ही थेट क्लबाच्या अध्यक्षांच्या बंगल्यावर आलो होतो. अध्यक्ष म्हणजे बेळगावातले नावाजलेले वकील. अंगणात सतरंज्या अंथरलेल्या, खुर्च्या मांडलेल्या, बायका दाराआडून बघत होत्या. वकिलांनी एकेका खेळाडूला जवळ बोलावलं, गळ्यात माळ घातली, पाठीवर थाप मारली. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी हात वर केला. तिथंच थांब. मी फाटकाजवळ होतो. टांग्याचा घोडा बांधला होता तिथं. वकिलांनी माळ खुर्चीपासूनच फेकली. गळ्यापर्यंत पोचली नाही. लिदीत पडली.

कप्तान त्यांचाच पुतण्या. तो माझ्या दिशेनं थोडा पुढं आला, थांबला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "उचल रे. सगळे बघताहेत."

मी उचलली. झटकली. माझ्याच हातानं माझ्या गळ्यात घातली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गोल मी मारला होता. पलटणीच्या गोऱ्या संघाविरुद्ध एकच गोल झाला, तो माझा. गोल झाल्यावर याच कप्तानानं पळत येऊन मला मिठी मारली होती. भान विसरून. त्याचा घाम माझ्या अंगाला लागला, माझा त्याच्या. बंगल्यावर आल्या आल्या सगळे मागच्या विहिरीवर गेले आणि अंघोळ करून आले. खेळून आलेत, घामेजलेत, म्हणून करत असतील, असं मी मनाला सांगितलं. माळ पडली तेव्हा कळलं, घाम नव्हता, मी होतो.

आम्ही महार. कॅम्पाच्या, म्हणजे गोऱ्यांच्या छावणीच्या, मागं आमची वस्ती. आजा पलटणीत होता. त्याच्या मागं सरकारनं आमच्या जातीची भरती बंद केली. आज्याचा पितळी बटणांचा कोट तेवढा घरात उरला. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, कॅम्पाच्या मैदानावर झाडलोट करायचे. मी मोठा झाल्यावर मैदान दाबायचा दगडी रूळ माझ्याकडं आला. तांबडी माती, पावसात चिखल, उन्हात दगड. रूळ ओढायचा, गवत कापायचं, मॅचच्या आधी चुन्याच्या रेघा मारायच्या. रेघा मारणारा मी, पण रेघेच्या आत जायची मला परवानगी नव्हती.

टॉम साहेब मला तिथंच भेटला. मोठी लढाई संपून थोडीच वर्षं झाली होती. तो पलटणीत सार्जंट. डाव्या गुडघ्यात अधू. मैदान, बॉल, जाळ्या, सगळं त्याच्या ताब्यात. एका दुपारी मी रूळ ओढत होतो, बॉल घरंगळत आला, मी पायानं परत मारला. तो लंगडत आला. माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. पायाकडं बघत राहिला.

"फिर मारो," म्हणाला.

मी मारला.

"पाँव अच्छा है. दिमाग नहीं."

त्या दिवसापासून तो मला शिकवायला लागला. दुपारी गोरे झोपायचे, मैदान ओसाड असायचं, तेव्हा. त्याची छावणीतली मोडकी हिंदुस्तानी, माझं त्याहून मोडकं इंग्रजी. आपण कमी पळायचं, बॉल पळवायचा. माणूस आहे तिथं बॉल द्यायचा नाही, माणूस पोचणार आहे तिथं द्यायचा. अनवाणी खेळणाऱ्यानं बुटवाल्याशी धडक घ्यायची नाही, त्याचा पाय उचलला जाईल तोवर थांबायचं. चुकलो की शिव्या. बरोबर आलं की गप्प. त्याचं गप्प बसणं मला शाबासकीसारखं वाटायचं.

तो विलायतेत पगारी खेळाडू होता. तेव्हा तिकडं ही नवलाईची गोष्ट होती. हौसेनं खेळणारे साहेब लोक वेगळे आणि पोटासाठी खेळणारे वेगळे. टॉम कोळशाच्या खाणीतल्या माणसाचा मुलगा. मिसरूड फुटायच्या आधी खाणीत उतरला. सुट्टीच्या दिवशी कोळशाच्या ढिगाऱ्याशेजारी खेळताना गिरणीच्या गावच्या एका क्लबानं त्याला बघितलं आणि उचललं. खाणीतनं वर आला. त्याला वाटलं, सुटलो.

सुटला नव्हता. त्याच्या नावाचा कागद क्लबाकडं. क्लबानं सोडल्याशिवाय दुसरीकडं खेळता यायचं नाही. मी म्हणालो, साहेब, आमच्याकडं याला वतन म्हणतात. महार गावाला बांधलेला. गावचं काम करायचं, गाव सोडायचं नाही. त्याला वतन समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली. समजल्यावर तो बराच वेळ हसत होता. ते हसू मला आवडलं नाही.

पुढं क्लबाच्या मालकांशी त्याचं बिनसलं. त्यांनी त्याला खेळवलंही नाही, सोडलंही नाही. लोक मैदानात खेळायचे, हा कठड्याशी उभा राहून बघायचा. त्याच रागात पलटणीत नाव घातलं. तिथंही अधिकाऱ्यांनी त्याला खेळासाठीच ठेवलं. बेळगावात दुसऱ्या पलटणीशी खेळताना गुडघा गेला. त्या दिवशी कप मात्र मिळाला. तो कप अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये काचेच्या कपाटात ठेवला. सार्जंटला त्या मेसमध्ये जाता येत नसे. गुडघा देऊन जिंकलेला कप टॉमनं पुन्हा बघितला नाही.

एक खरं सांगतो. तो मला शिकवायचा, पण मी त्याच्या व्हरांड्याच्या पायरीवर बसायचो आणि तो खुर्चीत. कधी म्हणाला नाही, वर ये. पलटणीच्या सरावात कधी घेतलं नाही. तोही गोराच होता. पण माझ्याशी बोलताना माझ्याकडं बघायचा. तोवर तेवढंही मला कुणी दिलं नव्हतं.

शहरच्या क्लबाला माझी खबर लागली. वकील, मास्तर, कचेरीतले कारकून असल्या घरांतली पोरं त्या क्लबात. गोऱ्यांना एकदा तरी हरवायचं, ही सगळ्या गावाची ईर्ष्या. कप्तान स्वतः मैदानावर आला. लांब उभा राहून म्हणाला, "खेळात विटाळ नाही. खेळशील का?"

खेळात विटाळ नाही. हे वाक्य ऐकून मी रात्रभर झोपलो नाही. आव्वाला, म्हणजे आईला, उठवून सांगितलं. ती म्हणाली, "आन खेळ सपल्यावर रं?" मी तिला गप्प केलं.

खेळ सुरू व्हायच्या आधीच कळायला लागलं. तंबूत कपडे बदलायचे नाहीत, मागं झाडाआड बदलायचे. पाणी वरून ओंजळीत. लिंबाच्या फोडी सगळ्यांना ताटलीतनं, मला पानावर. मी सगळं घेतलं. मला रेघेच्या आत जायचं होतं.

माळ घालून बंगल्यावरून निघालो तो घरी गेलो नाही. टॉम साहेबाच्या व्हरांड्यावर गेलो. त्यानं मॅच बघितली होती. त्याची पलटण हरली म्हणून तो रागावला असेल, असं वाटलं. तो गोलाबद्दल बोलायला लागला, मग माळेकडं बघितलं. लीद लागलेली होती. मी सांगितलं सगळं.

तो हसला नाही. चिलीम विझली तरी ओढत बसला. मग त्यानं ती गोष्ट सांगितली.

देशाच्या संघातनं तो एकदाच खेळला. अकरांत साहेब लोकही होते आणि त्याच्यासारखे पगारीही. छापील कागदावर साहेबांच्या नावामागं मिस्टर, याचं नुसतं आडनाव. गोल टॉमनं मारला. सामन्यानंतर मोठ्या हॉटेलात मेजवानी. मधे लांब टेबल, झुंबराखाली. तिथं साहेब लोक. पगारी खेळाडूंचं टेबल वेगळं, भिंतीकडं, वाढपी ये-जा करतात त्या दाराजवळ. कप्तान साहेबानं भाषण केलं. टॉमचं नाव घेतलं नाही.

"हम उठना चाहता था," टॉम म्हणाला. "कुर्सी पीछे किया. तब खाना आया."

"मग?"

"हम खाया. सब खाया. अच्छा था."

मी विचारलं, उठला असतास तर काय झालं असतं?

"मालूम नहीं," तो म्हणाला. "वही तो."

त्या रात्रीपासून मला एक स्वप्न पडायला लागलं. मोठं दालन. मी कधी बघितलं नाही तसलं. भिंतीकडं टेबल, त्यावर मी एकटा. समोर ताट. मी जेवतोय. पोट भरलंय तरी हात थांबत नाही. लांबवर टाळ्या वाजतात. ताट संपत नाही. जाग आली की तोंडात कसली तरी चव असायची. आव्वा विचारायची, काय झालं रं? मी कूस बदलायचो.

पुढच्या पावसाळ्यात टॉम साहेबाला ताप आला. उतरेना. पलटणीच्या दवाखान्यात हलवलं. माझा चुलता तिथं पाणी तापवायच्या कामावर होता. त्याच्यासोबत बादली घेऊन मी आत गेलो. टॉम वाळून काठी झालेला. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हता. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. वाटलं, खेळाचं काहीतरी बोलत असेल. आईला हाक मारत असेल.

तो म्हणत होता, "थँक यू, सर."

परत परत. थांबून. पुन्हा. "थँक यू, सर. थँक यू, सर."

खोलीत कुणी साहेब नव्हता. मी होतो, हातात बादली घेऊन. भिंतीवर पाल होती. बाहेर पाऊस लागला होता. आणि हा माणूस, ज्याच्या पायासमोर विलायतेत माणसं घाबरत असतील, तो मरताना कुणाचे तरी आभार मानत होता. कुणाचे? दाराजवळ टेबल टाकणाऱ्याचे. काचेच्या कपाटाचे.

मला माझं मरण दिसलं. मी असाच पडलोय आणि माझ्या तोंडातनं येतंय, जोहार मायबाप. जोहार मायबाप. आबांच्या तोंडातनं तेच येईल. आज्याच्या आलंच असेल.

बादली तिथंच ठेवून मी पळालो. दुसऱ्या दिवशी तो गेला.

दफनाच्या वेळी मी दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभा होतो. एक अधिकारी चार शब्द बोलला. चुलता खड्डा बुजवायला आत होता, त्यानं ते मला नंतर उलगडून सांगितलं. "टॉम भला माणूस होता. आपली पायरी ओळखून होता." मी चुलत्याला ते पुन्हा सांगायला लावलं. कारण हेच शब्द मी ऐकले होते. माळेच्या दिवशी वकील माझ्याबद्दल पाहुण्यांना म्हणाले होते, पोरगं पायरी ओळखून राहणारं आहे.

पाऊस सरला. कप पुन्हा आला. फायनल पुन्हा पलटणीशीच. या वेळी मांडवात कलेक्टर बसलेला, शेजारी वकील, मागं सगळं गाव. मी रेघा मारल्या, चुन्याचे हात धुतले, झाडाआड कपडे बदलले आणि तंबूच्या तोंडाशी आलो. पाण्याचा गडी तांब्या घेऊन माझ्यापुढं आला. मी ओंजळ केली नाही.

कप्तानाला म्हणालो, "मला फुलपात्रातनं पानी पायजे. तुमी पिता त्यातनं."

कप्तान जवळ आला. "हे आत्ता काय काढलंस? मॅच झाल्यावर बोलू."

"मॅच झाल्यावर मी फाटकापाशी असतो. आत्ताच बोला."

"मैदानात मी कधी भेद केला का? मिठी मारली होती तुला."

"व्हय. आन मग अंघोळ केलीसा."

त्याचं तोंड उतरलं. तो वाईट माणूस नव्हता, हे आजही सांगतो. म्हणाला, "अरे, आज गोऱ्यांना हरवायचंय. देशाचा प्रश्न आहे. तुझी तहान महत्त्वाची का देश?"

"माजी तहान पन ह्याच देशातली हाय."

त्यानं फुलपात्र उचललं. खरंच उचललं. गड्यानं पाणी ओतलं. कप्तानाचा हात माझ्याकडं यायला निघाला. मला आठवतंय, पाणी हिंदकळत होतं. मग त्याची नजर मांडवाकडं गेली. वकील उभे राहिले होते. नुसते उभे राहिले.

कप्तानानं फुलपात्र खाली ठेवलं.

मी शर्ट काढला. घडी करून मीच मारलेल्या रेघेवर ठेवला. कुणी म्हणालं, अरे धरा त्याला. पण धरणार कोण? धरायचं म्हणजे शिवायला लागतं.

दहाच गडी खेळले. मी पळून गेलो नाही. उघड्या अंगानं रुळाशेजारी उभा राहून सगळी मॅच बघितली. ते हरले. मला आनंद झाला नाही. लई वाईट वाटलं. उजव्या बाजूला मोकळी जागा पडत होती, माझी जागा, आणि माझे पाय आपोआप हलत होते. मॅच संपल्यावर एका गोऱ्या अधिकाऱ्यानं लांबून माझ्याकडं बघून हात हलवला, हसला. त्याला वाटलं, मी त्यांच्या बाजूचा झालो. मी तोंड फिरवलं.

गावानं मला फितूर ठरवलं. गोऱ्यांनी विकत घेतला म्हणाले. वस्तीवर आबांना वकिलांचा निरोप आला, पोराला घेऊन ये, माफी मागू दे. आबा मला बंगल्यावर घेऊन गेले. फाटकाशीच ते कमरेत वाकले. "जोहार मायबाप."

वकील पायरीवर आले. कप्तान त्यांच्या मागं. वकील आबांना म्हणाले, "पायरी सोडली की माणूस पडतो. सांग पोराला."

आबा न वळता मला म्हणाले, "माफी माग रं. पोटाचा सवाल हाय."

मी म्हणालो, "चूक सांगा, मागतो."

"चूक तुला माहीत नाही?" वकील म्हणाले.

"पानी मागितलं. आनि काय केलं?"

मी कप्तानाकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. मी आबांच्या दंडाला धरलं. "आबा, सरळ व्हा. चला."

आबांनी माझा हात झटकला. ते वाकलेलेच राहिले. मी एकटा चालत बाहेर आलो. वळून बघितलं तेव्हा ते तसेच होते, आज्याचा पितळी बटणांचा कोट घालून, धनुकलीसारखे वाकलेले. माझ्या डोळ्यांपुढून ते हलत नाहीत. आबा माझ्याशी त्यानंतर बोलले नाहीत. मरेपर्यंत नाही. मरताना काय म्हणाले, ते मी आव्वाला विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

मैदानावर माणसं ठेवणारा मुकादम वकिलांच्या शब्दातला, माझा रूळ गेला. कॅम्पात कुणी काम देईना. मी निपाणीला आलो, तंबाखूच्या वखारीत. पोती वाहायची, पानं चाळायची. तंबाखूच्या धुरळ्याची खाट नाकातोंडात, डोळ्यांत. सगळी वखार दिवसभर खोकत असायची. आमच्यासाठी पाणी मागच्या हौदात, जनावरांच्या. माठ दिवाणजीच्या पडवीत, झाकण लावून.

वखारीच्या मालकाला खेळाचा शौक. त्याचा संघ होता. माझं नाव बेळगावाहून त्याच्या कानावर आलं होतं. एक दिवस दिवाणजीनं मला पडवीसमोर बोलावलं. "मालकांस्नी तू संघात पायजेस. हलकं काम दिऊ. पोती उचलाय नगो."

मी म्हणालो, "आदी ह्या माठातलं पानी. मग खेळ."

दिवाणजी हसला. मी हसत नाही हे बघून थांबला. "अटी घालतोस व्हय रं? आरं, एवढा खेळ अंगात हाय. वाया जाईल."

"जाऊ दे."

"मग जा पोत्याकडं."

मी पोत्याकडं गेलो नाही. पडवीवर चढलो. झाकण काढलं, माठात फुलपात्र बुडवलं आणि तोंड लावून प्यालो. पाणी गार होतं. तंबाखूचा वास त्यालाही होता. पिऊन फुलपात्र जागेवर ठेवलं, झाकण लावलं. तोवर मागनं पहिला दांडा बसला. पोती उचलायचे दांडे होते. किती माणसं होती, ठाऊक नाही. वखारीतल्या बाया खोकायच्या थांबल्या होत्या. मला वखारीच्या बाहेर धुळीत आणून टाकलं. ओठ फाटला होता, एक दात हलत होता. दिवाणजी वर उभा राहून घामाघूम झालेला. माठ फोडलेला होता. म्हणाला, "आता कशातनं पिशील?"

मी हातांवर जोर देऊन उभा राहिलो. रक्त थुंकलं. त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"नवा माठ आनशीलाच की," मी म्हणालो. "तहान तुमास्नी बी लागती. उद्या मला बी लागंल. मी हितंच येनार."

आणि दुसऱ्या दिवशी गेलो.